कोर्टातून घेतलेली जागा किती पक्की?

५१९ रुपयांचा एकतर्फी हुकूमनामा. त्याच्या वसुलीसाठी एका माणसाचे घर कोर्टाने लिलावात काढले आणि ते ५,१०० रुपयांना गेले. घेणारा सावकार नव्हता, देणेकऱ्याचा भाऊबंदही नव्हता. लिलाव आहे हे कळल्यावर येऊन बोली लावणारा तो एक त्रयस्थ माणूस होता. घरमालकाचे म्हणणे असे की, घर पंचवीस हजारांचे होते आणि लिलावही रीतसर झाला नव्हता. पुढे त्याने मूळ एकतर्फी हुकूमनामाच रद्द करून घेतला. तोवर विक्री कायम व्हायची होती. ज्या हुकूमनाम्याच्या जोरावर घर विकले तोच उरला नाही, मग विक्री तरी कशी उरेल, असा त्याचा सवाल.

साठच्या दशकात पंजाबातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या या प्रकरणात न्यायालयाने विक्री कायम केली. बोली लागली त्या दिवशी हुकूमनामा जिवंत होता, लिलाव घेण्याचा अधिकार कोर्टाला होता आणि घेणारा वादाशी संबंध नसलेला होता. हुकूमनामा नंतर फिरला म्हणून अशा माणसाच्या हातातली मालमत्ता काढून घेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत विक्री रद्द करण्याची जी कारणे दिली आहेत त्यांवर अर्ज आला नाही किंवा फेटाळला गेला, तर कोर्टाने विक्री कायम करायचीच असते.

निकाल वाचताना मन घरमालकाकडे जाते. पाचशे रुपयांपायी घर गेलेल्या माणसाला कायदा काय देतो? हुकूमनामा फिरल्यावर त्याला पैसे मिळतात; सावकाराने उचललेली रक्कम परत मागता येते, लिलावातून उरलेली रक्कम त्याचीच असते. घर मात्र मिळत नाही. तरीही हा निकाल बरोबर होता असे माझे मत आहे. फक्त तो बरोबर ठरण्यासाठी लिलावाआधी कोर्टाने जे करायचे असते ते चोख झालेले असले पाहिजे. या विषयातली खरी अडचण तिथेच आहे.

हे तत्त्व जुने आहे. प्रिव्ही कौन्सिलने १८८६ मध्ये म्हटले की, कोर्टाला अधिकार होता का आणि विक्रीचा हुकूम झाला होता का, एवढे लिलावात घेणाऱ्याने पाहावे. पक्षकारांमधले हिशेब तपासत बसणे हे त्याचे काम नव्हे. पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, त्याच न्यायपीठाने आजही पायाभूत मानली जाणारी रेघ ओढली. स्वतःच्याच हुकूमनाम्याच्या वसुलीत मालमत्ता विकत घेणारा हुकूमनामाधारक एका बाजूला, प्रामाणिक त्रयस्थ खरेदीदार दुसऱ्या बाजूला. अपिलात हुकूमनामा फिरला तर पहिल्याने घेतलेली जागा परत करायची. दुसऱ्याची जागा त्याच्याकडेच राहते. आज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली जी पूर्वस्थिती बहाल करण्याची तरतूद आहे ती पहिल्याला पकडते, दुसऱ्याला नाही.

यामागचा विचार व्यवहारी आहे. कोर्टात घेतलेली जागा दहा वर्षांनी अपिलाच्या निकालाबरोबर हातची जाणार असेल, तर बोली लावायला येणार कोण? येतील ते फक्त धाडसी दलाल, आणि तेही कवडीमोल भाव देतील. भाव पडला की सावकाराची वसुली अपुरी राहते आणि देणेकऱ्याचे कर्जही फिटत नाही. त्रयस्थाला दिलेल्या अभयाचा फायदा असा फिरून देणेकऱ्यालाच व्हायचा असतो. हे अभय फक्त खरेदीदाराच्या सोयीसाठी आहे असे मानणारे या बाजूकडे सहसा बघत नाहीत.

हुकूमनामाधारकावर कायद्याचा एवढा अविश्वास का, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यातून जे दंगे सुरू झाले, त्यांत लोकांचा रोख सावकारांच्या कागदांवर होता: खते, रोखे, हुकूमनामे. नगर आणि पुणे भागातल्या कुणब्याला कोर्टाची नोटीस अनेकदा वाचता येत नसे, तो हजर राहत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई. मग दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), जप्ती, आणि लिलावात बोली लावायला खुद्द सावकार. शेजारपाजारचा कोणी पुढे येत नसे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने, खास गहाण दिलेली नसेल तर शेतकऱ्याची जमीन पैशाच्या हुकूमनाम्यापोटी विकायलाच बंदी घातली, ती या अनुभवातून. आजच्या संहितेतल्या ऑर्डर २१ मधला नियम ७२ त्याच जातीचा आहे: हुकूमनामाधारकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय बोली लावता येत नाही. परवानगी घेऊन त्याने घेतले तरी हुकूमनामा फिरण्याची जोखीम त्याच्याच डोक्यावर.

मग त्याने ती जागा घाईघाईने तिसऱ्याला विकली तर? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दारही बंद केले. हुकूमनामाधारकाकडून घेणाऱ्याला त्रयस्थ लिलाव-खरेदीदाराचे संरक्षण मिळत नाही, कारण त्याने कोर्टाकडून घेतलेले नसते. ज्याचा हक्क मुळातच डळमळीत आहे त्याच्याकडून घेतलेले असते. पुनर्विक्रीची जागा घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे. विक्री प्रमाणपत्रावर खरेदीदार म्हणून कोणाचे नाव आहे आणि तोच मूळ दाव्यातला वादी आहे का, हे दोन कागद शेजारी ठेवले की दिसते. बँकांचे सर्च रिपोर्ट मी पाहिले आहेत. त्यांत सातबारा, फेरफार, तीस वर्षांचा शोध सगळे असते, पण ही एक गोष्ट क्वचितच तपासलेली असते.

त्रयस्थ असणे म्हणजे आपोआप प्रामाणिक असणेही नव्हे. १९९० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणाची कड नीट घासून घेतली. अपील चालू आहे, देणेकऱ्याला स्टे मिळवण्यासाठी पैसे भरणे जमत नाही, हे सगळे माहीत असून त्या अडचणीचा फायदा घेऊन बोली लावणारा कागदोपत्री त्रयस्थ असला, तरी त्याला प्रामाणिक म्हणता येणार नाही. मला हा निकाल मोलाचा वाटतो. पण त्यातून एक अवघड प्रश्नही उभा राहतो. ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर आज कोणाही प्रकरणाची स्थिती दिसते. मग अपील चालू असल्याचे खरेदीदाराला माहीत होते, असे प्रत्येक वेळी म्हणता येईल का? तसे झाले तर प्रामाणिक खरेदीदार नावाचा प्राणीच उरणार नाही. निव्वळ माहिती असणे आणि देणेकऱ्याच्या लाचारीवर डाव साधणे यांत फरक आहे, आणि १९९० च्या निकालाचा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे असे मी वाचतो.

आता संरक्षण कुठे संपते ते पाहू. कोर्ट जागा विकते तेव्हा ते हक्काची हमी देत नाही. लिलावात विकला जातो तो देणेकऱ्याचा हक्क, मालकी आणि हितसंबंध, जेवढा असेल तेवढाच. जागा दुसऱ्याच्याच मालकीची निघाली तर खरेदीदाराचा प्रामाणिकपणा कामी येत नाही. एकत्र कुटुंबाच्या जागेत देणेकऱ्याचा चौथा हिस्सा असेल तर चौथाच मिळतो, आणि पुढे वाटपाचा दावा लावावा लागतो. आधीपासून चालू असलेल्या मालकीच्या दाव्याची बाधा लिलाव-खरेदीलाही लागते. मुंबईत तर १९३९ च्या दुरुस्तीनुसार अशा दाव्याची सूचना नोंदवलेली असावी लागते, तेव्हा दुय्यम निबंधकाकडच्या शोधात ती सापडू शकते.

नियम ९१ खरेदीदाराला एक वाट देतो: देणेकऱ्याचा विकण्याजोगा हक्कच नव्हता, या कारणावर तो विक्री रद्द करून मागू शकतो आणि नियम ९३ खाली पैसे परत. मुदत लिलावापासून साठ दिवस. या साठ दिवसांत तो खरा शोध घेईल अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात त्याचा सगळा जीव त्या काळात पैसे उभे करण्यात गुंतलेला असतो. हातोडा पडताच पंचवीस टक्के, उरलेले पंधरा दिवसांत. एका दिवसाचीही सवलत नाही. १९५४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हे नियम अनिवार्य आहेत आणि पैसे वेळेत न भरल्यास विक्री झालीच नाही असे समजायचे. हा कडकपणा योग्यच आहे. पण ज्याच्याकडून कोर्ट इतका काटेकोरपणा मागते, त्याला जागेविषयी आधी काय सांगते?

बहुतेक वेळा फार थोडे. नियम ६६ नुसार विक्रीच्या जाहीरनाम्यात मालमत्तेचा बोजा, सारा आणि किंमत ठरवायला खरेदीदाराला उपयोगी पडेल अशी कोणतीही माहिती द्यायची असते. पक्षकारांनी सांगितलेली किंमत छापायची असते. स्वतःचा अंदाज देणे कोर्टावर बंधनकारक नाही. प्रत्यक्षात जाहीरनामा दरखास्तीसोबत हुकूमनामाधारकाने दिलेल्या तक्त्यावरून भरला जातो. चतुःसीमा जुन्या दस्तावरून उतरवलेल्या. पूर्वेस अमक्याचे शेत म्हटलेले असते, आणि तिथे आता प्लॉट पडून बंगले झालेले असतात. ‘बोजा’ या सदरात ‘निरंक’. मग बेलिफ जागेवर जातो, दवंडी पिटल्याचा पंचनामा होतो, दोन पंचांच्या सह्या होतात. दवंडी खरोखर पिटली गेली का, हा प्रश्न पुढे नियम ९० खालच्या, विक्री रद्द करण्याच्या अर्जात निघतो आणि साक्षीपुराव्यांत वर्षे जातात.

शेतजमिनीच्या बाबतीत तर महाराष्ट्रात आणखी दोन खाचा आहेत, आणि त्यांत पडणाऱ्याला सद्भावना वाचवत नाही. १९४८ च्या कूळ कायद्याचे कलम ६३ शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला मनाई करते, आणि ‘विक्री’मध्ये दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतली विक्रीही येते, असे त्या कलमातच लिहिलेले आहे. जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आदिवासींच्या जमिनीबाबत हीच भाषा वापरते. पुण्यातला नोकरदार कोर्टाचा लिलाव म्हणून विश्वासाने बोली लावतो, पैसे भरतो, प्रमाणपत्र घेतो, आणि फेरफार नोंदीच्या वेळी शेतकरी असल्याचा दाखला मागितला जातो. ज्या कोर्टाने विकले त्याच्या जाहीरनाम्यात ही अट एका ओळीत लिहिता आली असती.

जागेत भाडेकरू असेल तर नियम ९६ नुसार मिळतो तो कागदी ताबा. मुंबईतल्या पागडीच्या खोलीत राहणारे कुटुंब भाडे नियंत्रण कायद्याच्या आधाराने तिथेच राहते. खरेदीदाराच्या वाट्याला फक्त भाडे.

जुन्या मालकाच्या थकबाकीचे काय, यावर निकाल दोन्हीकडे झुकलेले आहेत. अहमदाबाद महापालिकेच्या १९७१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोर्ट लिलावात घेणाऱ्याची बाजू घेतली: मालमत्ता कराचा बोजा कायद्याने असला, तरी ज्याला त्याची सूचना नव्हती त्याच्याकडून तो वसूल करता येत नाही, आणि प्रत्येक खरेदीदाराने पालिकेत जाऊन चौकशी केलीच पाहिजे असेही गृहीत धरता येत नाही. वीजबिलाबाबत मात्र मे २०२३ मध्ये केरळच्या वीज मंडळासंबंधीच्या निकालात न्यायालयाने वेगळी वाट धरली. जागा ‘जिथे आहे तिथे, जशी आहे तशी’ घेतली आणि वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी अट असेल, तर नवी जोडणी देण्यापूर्वी जुनी थकबाकी मागता येते. बंद कारखाना लिलावात घेणाऱ्यासाठी हा फरक कोट्यवधींचा असू शकतो.

एवढे सगळे पार करून विक्री कायम झाली, की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६५ नुसार मालकी लिलावाच्या दिवसापासूनच खरेदीदाराकडे आली असे मानतात. विक्री प्रमाणपत्राची नोंदणी सक्तीची नाही. कोर्टाने प्रत दुय्यम निबंधकाकडे पाठवायची आणि त्याने ती आपल्या एक नंबरच्या पुस्तकात लावायची. सर्वोच्च न्यायालयाने हे अलीकडे पुन्हा पुन्हा सांगितले आहे, तरी नोंदणीच्या आग्रहापायी खरेदीदाराचे खेटे थांबलेले नाहीत.

पण हत्ती गेला तरी शेपूट राहतेच. ताबा मिळवण्यासाठी खरेदीदाराने अर्ज करायची मुदत, मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३४ नुसार, विक्री कायम झाल्यापासून एक वर्ष. प्रमाणपत्र हातात पडल्यापासून नव्हे! सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये पुन्हा. विक्री कायम होण्याचा हुकूम आणि प्रमाणपत्र यांत कोर्टाच्या कचेरीत महिनेच्या महिने जातात: स्टॅम्प, टंकलेखन, सही, नक्कल विभाग. सामान्य माणूस कागद मिळेपर्यंत थांबतो, कारण कागदाशिवाय अर्ज कसा करायचा हे त्याला कळत नाही. वर्ष उलटून गेल्यावर त्याला कळते की मालकी त्याची आहे, पण ती मिळवून देणारा सरळ रस्ता बंद झाला आहे. कोर्टानेच विकायचे, कोर्टानेच प्रमाणपत्राला उशीर करायचा आणि त्या उशिराचा भुर्दंड खरेदीदाराने सोसायचा, हे मला अन्यायाचे वाटते. निकाल कायद्याच्या शब्दांना धरून आहेत, म्हणून दुरुस्ती कायद्यातच व्हायला हवी.

अर्ज वेळेत केला तरी ताब्याला हरकत येते. देणेकऱ्याचा भाऊ उभा राहतो, कोणी कुळाचा हक्क सांगतो, कोणी जुना साठेखताचा कागद दाखवतो. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हे सगळे वाद नियम १०१ खाली अंमलबजावणी करणाऱ्या कोर्टानेच मिटवायचे, नवा दावा लावायचा नाही. हेतू चांगला होता. पण त्यामुळे एक दरखास्त म्हणजे पूर्ण दावाच होऊन बसते. हुकूमनामा मिळाल्यावरच हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, अशा आशयाचे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये म्हटले होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्त सहा महिन्यांत निकालात काढा असे बजावले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयापुढे आकडा आला तो देशभरात आठ लाख ऐंशी हजारांहून अधिक प्रलंबित दरखास्तींचा, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेतला.

गेल्या दोन दशकांत लिलावाचे मोठे मैदान दिवाणी कोर्टाबाहेर गेले: कर्जवसुली न्यायाधिकरणे आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखालच्या बँकांच्या विक्री. कोर्ट लिलावाचे तत्त्व तिकडेही लागू होऊ लागले. पाटण्यातल्या एका प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वसुली अधिकाऱ्याच्या लिलावातल्या त्रयस्थ खरेदीदाराला अभय दिले. नवी मुंबईतल्या एमआयडीसीच्या भूखंडाचे सेलिर प्रकरण तर या विषयाचा पूर्ण पट उलगडून दाखवते. जून २०२३ मधल्या बँकेच्या लिलावात सेलिर या खरेदीदाराची १०५ कोटी ५ लाखांची बोली सर्वोच्च ठरली. पैसे भरले गेले. त्यानंतर उच्च न्यायालयाने कर्जदाराला १२९ कोटी भरून मालमत्ता सोडवायची मुभा दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली: कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा सोडवणुकीचा हक्क संपतो. तरी ताबा मिळेना, कारण दरम्यान भूखंडाचे हक्क तिसऱ्याच्या नावे करून दिले गेले होते. डिसेंबर २०२४ मध्ये अवमानाच्या अर्जावर न्यायालयाला पुन्हा एक लांबलचक निकाल लिहावा लागला, तेव्हा ते हस्तांतर निष्प्रभ ठरले आणि प्रत्यक्ष ताबा देण्याचा हुकूम झाला. शंभर कोटींची बोली लावणाऱ्याला, देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हातात असताना, ताब्यासाठी वर्षाहून अधिक झगडावे लागले. दोन खोल्यांचे घर घेणाऱ्याने काय करावे?

विक्री कायम झाल्यावर कोणी जास्त पैसे देतो म्हणून ती उलटवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेच्या प्रकरणात स्पष्ट केले. फसवणूक असेल तर गोष्ट वेगळी. पण कायम करण्यापूर्वी किंमत रास्त आहे का हे पाहणे कोर्टाचे कर्तव्यच आहे. नियम ६४ तर आणखी पुढे जातो: देणे फिटेल तेवढाच भाग विकायचा. १९८९ च्या एका प्रकरणात सुमारे चोवीसशे रुपयांच्या वसुलीसाठी दहा एकर जमीन विकली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती विक्री ठेवली नाही, कारण गरजेपुरताच भाग विकणे हे कोर्टाच्या अधिकाराचेच अंग आहे. म्हणजे हुकूमनामा फिरण्यापासून खरेदीदार सुरक्षित, पण खुद्द कोर्टाने लिलावात केलेल्या चुकीपासून नाही. चूक कोर्टाची, तोटा त्याचा. पैसे परत मिळतात. नियम ९३ मध्ये व्याज ‘देता येईल’ असे आहे, ‘द्यावेच’ असे नाही. देणेकऱ्याने नियम ८९ खाली साठ दिवसांत देणे भरून जागा सोडवली, तर मात्र खरेदीदाराला किमतीवर पाच टक्के ठरलेले आहेत. स्वतःची काही चूक नसताना आठ-दहा वर्षांनी विक्री गमावणाऱ्याला तेवढीही हमी नसावी, हे उलटेच झाले.

म्हणून मागणी करायची ती लिलावानंतरच्या आणखी कवचाची नव्हे. ते कवच १८८७ पासून आहे आणि पुरेसे जाड आहे. काम करायचे ते नियम ६६ च्या टप्प्यावर. जाहीरनामा निघण्यापूर्वी कोर्टाने स्वतः नेमलेल्या वकिलाकडून तीस वर्षांचा शोध आणि नोंदणीकृत मूल्यांककाकडून किंमत मागवावी, खर्च दरखास्तीत धरावा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, जागेत राहणाऱ्यांची नावे आणि त्यांचा हक्क, चालू दावे, कर आणि विजेची बाकी, कलम ६३ किंवा ३६-अ लागू आहे का, हे सर्व जाहीरनाम्याला जोडावे. देणेकऱ्याची हरकत त्याच वेळी ऐकून घ्यावी. जाहीरनाम्यापूर्वी घेता आली असती ती हरकत नंतर घेता येत नाही, असे नियम ९० आजही म्हणतो, पण देणेकऱ्याला नोटीस खरोखर पोचलेली असेल तरच त्या वाक्याला न्यायाचा आधार मिळतो. आणि विक्री कायम करण्याच्या हुकमासोबतच, त्याच दिवशी, प्रमाणपत्र आणि ताब्याचे वॉरंट निघावे. त्यासाठी खरेदीदाराने वेगळा अर्ज का करायचा? पैसे त्याने पंधरा दिवसांत भरलेले असतात.

यातले बरेचसे उच्च न्यायालयाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १२२ खालच्या आपल्या नियम करण्याच्या अधिकारात करता येण्याजोगे आहे. अनुच्छेद १३४ ची मुदत प्रमाणपत्र मिळाल्यापासून मोजायची असेल, तर त्यासाठी मात्र मुदत कायद्यातच बदल करावा लागेल.